वाचकांचे प्रश्न : बुडबुडा कोठे जन्मला?

गेल्या अंकात नाशिक जिल्ह्यातील घरगुती द्राक्षबागा आणि तेथे तयार होणारी स्पार्कलिंग वाईन यांविषयी एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर किनारपट्टीवरून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते, कारण कोकणात द्राक्ष येते ते घाट उतरून, पेटीत बसूनच. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

माझ्या भाचीचे सासर दिंडोरी तालुक्यात आहे. त्यांची आठ एकर द्राक्षबाग असून त्यातील काही द्राक्षांची ते घरच्याच लहान वायनरीत स्पार्कलिंग वाईन करतात. दिवाळीला तिने आम्हांला दोन बाटल्या दिल्या. लेबलवर ‘पारंपरिक पद्धत’ असे लिहिले आहे. सहज किंमत विचारली, तर ती त्यांच्याच साध्या पांढऱ्या वाईनच्या जवळजवळ दुप्पट निघाली. द्राक्षे तीच, माणसे तीच, मग नुसत्या बुडबुड्यांचे एवढे पैसे कशासाठी? गोटी सोडा तर आमच्या नाक्यावरही मिळतो. आणि ही जर शॅम्पेन असेल, तर लेबलवर तसे का लिहीत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर

गुरुजी, सोड्याचा उल्लेख आपण थट्टेने केला असला, तरी उत्तराची सुरुवात तेथूनच करणे सोयीचे आहे. गोटी सोड्यात वायू बाहेरून भरला जातो आणि त्याच्याच दाबाने गोटी वर सरकून बाटलीचे तोंड बंद करते. वाईनमध्येही असा वायू बाहेरून भरता येतो. तशी वाईन स्वस्त पडते आणि पेल्यात ओतल्यावर सोड्यासारखाच तिचा फेस लवकर निवतो. याउलट माडावरून नुकतीच उतरवलेली माडी आठवून पाहा. तिच्यात कोणी वायू भरलेला नसतो. मडक्यातील आणि हवेतील यीस्ट माडीतील साखर खाते व तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. मडक्याच्या तोंडाशी येणारा फेस त्या वायूचाच. मडके उघडे असल्याने तो उडून जातो. हेच काम बंद बाटलीत घडवून आणले आणि वायूला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही, तर तो वाईनमध्ये विरघळून राहतो. आपल्या भाचीच्या सासरी चालतो तो हा खटाटोप. बुडबुडा नळकांड्यातून आला, मोठ्या बंद टाकीत तयार झाला की बाटलीत जन्मला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. इटलीतील प्रोसेक्को बहुतांशी टाकीत होते, स्पेनमधील काव्हा बाटलीत होते, आणि ‘पारंपरिक पद्धत’ या शब्दांचा अर्थ बाटलीत असाच आहे.

‘द्राक्षे तीच’ हे आपले म्हणणे मात्र तितकेसे बरोबर नाही. नाशिककडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी होते, आणि वाईनची द्राक्षे साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात हाती येतात. साध्या वाईनसाठी रसाची गोडी २२-२३ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स हे रसातील साखर मोजण्याचे माप) चढू देतात. स्पार्कलिंगसाठी मात्र ती १८-१९च्या आसपास असतानाच, मण्यातला आंबटपणा उतरण्यापूर्वी, घड काढावे लागतात. द्राक्षाची जात बहुधा शेनिन ब्लाँ असेल, कारण नाशिकच्या पांढऱ्या वाईनमध्ये तिचा वापर मोठा आहे आणि तिच्या मूळ प्रदेशात, म्हणजे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातही, तिच्यापासून फेसाळ वाईन केली जाते. अशा द्राक्षांची पहिली वाईन दहा-अकरा टक्के अल्कोहोलची, फिकी आणि चांगलीच आंबट असते. ती नुसती प्यायला दिली, तर दुसरा घोट कोणी मागणार नाही.

या वाईनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि ताजे यीस्ट घालून ती बाटल्यांत भरतात व वर बियरच्या बाटलीला असते तसे पत्र्याचे झाकण बसवतात. चार ग्रॅम साखरेमागे साधारण एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, दाब तयार होतो, म्हणजे चोवीस ग्रॅमला सहा. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या अडीच-तीनपट हा दाब भरतो. म्हणूनच ही बाटली हातात घेताच जड लागते आणि तिचे बूड आत खोल गेलेले असते. शॅम्पेनची रिकामी बाटलीच ८३५ ग्रॅमच्या आसपास भरते. अशी बाटली साध्या बाटलीपेक्षा महाग असते, आणि किंमतीतील पहिला फरक येथेच पडतो.

साखर संपली, की यीस्ट मरते आणि गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळ लगेच काढून टाकला तरी बुडबुडे मिळतातच. पण चव मिळत नाही. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू विरघळतात आणि वाईनला एक वास देतात. रात्रभर फुगलेल्या आंबोळीच्या पिठावरचे झाकण सकाळी काढावे तेव्हा येतो तसा तो वास असतो, आणि त्याच्यामागे भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा. यासाठी उपाय एकच, थांबणे. शॅम्पेन प्रदेशात बाटली भरल्यापासून किमान पंधरा महिने ती विक्रीस काढता येत नाही. काव्हासाठी गाळावरचा किमान काळ नऊ महिन्यांचा आहे. मोठ्या कंपनीला हा काळ परवडतो. आठ एकरांच्या घराचे मात्र एका हंगामाचे पैसे पुढचा हंगाम येऊन गेला तरी तळघरात अडकून पडलेले असतात, आणि दरम्यान औषध फवारणी, मजुरी आणि वीज यांची बिले कोणासाठी थांबत नाहीत.

यानंतर गाळ बाटलीच्या तोंडाशी आणायचा असतो. त्यासाठी भोके पाडलेल्या दोन फळ्या एकमेकींना टेकवून केलेली घोडी वापरतात. तिच्यात १२० बाटल्या मान खाली करून बसतात. रोज प्रत्येक बाटली थोडी फिरवायची, थोडी अधिक उभी करायची, असे सहा-आठ आठवडे चालते. ही युक्ती १८१६च्या सुमारास रीम्स शहरातील क्लिको नावाच्या पेढीत निघाली. ती पेढी पतीच्या निधनानंतर बार्ब-निकोल क्लिको या बाई चालवत होत्या. आज पाचशे बाटल्या आठवड्याभरात फिरवून देणारी यंत्रे आहेत, पण लहान घरांत हे काम हातानेच होते. भाचीला विचारून पाहा. सकाळच्या चहाआधी बाटल्या फिरवून येणारे कोणीतरी त्या घरात नक्की असेल. गाळ मानेशी आला, की तेवढीच मान उणे पंचवीस-सत्तावीस अंशांच्या द्रावणात बुडवून गोठवतात आणि झाकण काढतात. आतल्या दाबाने गाळाचा गोठलेला गोळा बाहेर उडतो. जेवढी वाईन सांडली तेवढी भरून, चवीपुरती साखर घालून, बूच ठोकून त्यावर तारेची जाळी आवळतात. एका बाटलीला इतके हात लागतात, हे लक्षात घेतले, तर दुप्पट किंमत मला तरी जास्त वाटत नाही.

शॅम्पेन हे पद्धतीचे नाव नाही, प्रदेशाचे आहे. रीम्स आणि एपर्ने या शहरांच्या आसपासच्या ठरावीक शिवारातील द्राक्षांपासून तेथेच केलेल्या वाईनलाच ते लावता येते. देवगडबाहेरच्या आंब्याला देवगड हापूस म्हटले, तर देवगडकर काय म्हणतील, याची कल्पना आपल्याला मी द्यायला नको. आपल्याकडे या पद्धतीची वाईन नवीन नाही. १९८०च्या दशकातच पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे ती तयार होऊन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जात होती. पुढे नाशिककडे सुला, यॉर्क यांसारख्या वायनऱ्यांनी ती केली आणि २०१३ साली तर शॅम्पेनमधील मोएत घराण्याच्या समूहाने दिंडोरीतच केलेली शाँदों बाजारात आणली. तिच्याही लेबलवर शॅम्पेन हा शब्द नाही.

आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. तळघर नाही, मे महिन्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अशा बाटल्या कशा ठेवाव्यात? फ्रीझरमध्ये ठेवून पटकन थंड केल्या तर चालेल का?
— एक गृहिणी, मालवण

फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. वाईन शून्याखाली पाच-सहा अंशांवर गोठू लागते, गोठताना फुगते, आणि आत आधीच सहा वातावरणांचा दाब असतो. विसरलेली बाटली फुटलेली मी पाहिली आहे आणि त्यानंतर कोळंबीची सगळी पाकिटे काचेसह टाकून द्यावी लागली होती. घाई असेल, तर मासळी बाजारातला साधा उपाय करावा. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घ्यावे, त्यात दोन मुठी मीठ टाकावे आणि बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. नुसत्या बर्फात बाटली तितकी लवकर थंड होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला मोजक्याच ठिकाणी टेकतात. पाणी सगळीकडून लागते.

साठवणीसाठी दहा ते पंधरा अंश हे योग्य तापमान. मालवणात ते कपाटात मिळणार नाही, हे उघड आहे. म्हणून माझा सल्ला असा, की अशा बाटल्या साठवण्याच्या भानगडीत पडू नये. ज्या आहेत त्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, दारापासून दूर, आडव्या ठेवाव्यात आणि काही महिन्यांत संपवाव्यात. वीज दोन-चार तास गेल्याने काही बिघडत नाही. पोटमाळ्यावर काढलेला एक मे महिना मात्र बाटलीला जन्मभर पुरतो. उष्णतेने वाईन लवकर म्हातारी होते, ताज्या लिंबाचा-सफरचंदाचा वास जाऊन शिळा, सुकामेव्यासारखा वास येऊ लागतो. शिवाय तापमानाबरोबर दाबही चढतो. बारा अंशांना सहा वातावरणे असलेला दाब तीस अंशांना दहाच्या आसपास जातो. घाटावरून बाटल्या आणताना जेवायला थांबलात, तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्या ठेवून जाऊ नका. प्रकाशाचेही पथ्य आहे. पारदर्शक काचेतील वाईन दुकानात ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असेल, तर तिला उकडलेल्या कोबीसारखा वास लागतो. तेव्हा मांडणीच्या दर्शनी भागातील बाटली न घेता आतली मागावी.

उघडताना बूच धरून ठेवावे आणि बाटली फिरवावी. उलटे करू नये. तारेचा पीळ बहुतेक वेळा सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटतो, आणि तो सुटल्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. आवाज निश्वासाइतका यावा. सिनेमात उडवतात तसा फवारा उडवणे म्हणजे त्या घराने दीड वर्ष कोंडून ठेवलेला वायू एका क्षणात पंख्याला अर्पण करणे होय.

आमच्याकडे जेवण म्हणजे मासे, नारळ, कोकम आणि तिखट. या वाईनबरोबर नेमके काय वाढावे? मुलीच्या वाङ्‌निश्चयाला दोन बाटल्या काढायच्या आहेत. शेवटी उकडीचे मोदक आहेत.
— एक वाचक, श्रीवर्धन

तळलेले मासे, आणि तेही फार मसाला न लावलेले. रवा लावून कुरकुरीत तळलेले बोंबील, मांदेलीची कडक तळणी, सुरमईची तुकडी यांचे तेल जिभेवर जो थर धरते, तो या वाईनचा आंबटपणा आणि बुडबुडे मिळून धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतो ते याच कारणासाठी. तिसऱ्यांचे सुके, खोबरे बेताचे घातलेले, हाही चांगला जोड आहे. शिंपल्यांतील खारटपणाने वाईन अधिक गोलसर लागते. शाकाहारी पाहुण्यांसाठी ओल्या काजूची उसळ करावी. माझ्या मते किनाऱ्यावरील कोणत्याही पदार्थापेक्षा ती या वाईनशी अधिक जुळते, फक्त गरम मसाल्याचा हात आखडता घ्यावा.

तिखटाशी मात्र हिचे जमत नाही. अल्कोहोल आणि वायू दोन्ही मिरचीची आग वाढवतात, त्यामुळे झणझणीत तिखले किंवा मालवणी मसाल्याचे खेकडे असतील, तर बाटली जेवणाआधीच, भजी आणि तळलेल्या काजूंबरोबर संपवावी हे उत्तम. सोलकढी आणि ही वाईन एका वेळी घेऊ नयेत. कोकमाचा आंबटपणा इतका जोरकस असतो, की त्यापुढे वाईन पाण्यासारखी लागते, आणि अशा वेळी माझा कौल सोलकढीच्या बाजूने राहील.

मोदकांचा प्रश्न लेबल पाहून सुटतो. ‘ब्रूट नेचर’ म्हणजे लिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘ब्रूट’ म्हणजे १२ ग्रॅमपेक्षा कमी, ‘सेक’ १७ ते ३२ आणि ‘देमी-सेक’ ३२ ते ५०. मधेच ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाचा एक फसवा प्रकार आहे. नाव ऐकून तो सर्वांत कोरडा वाटतो, पण १२ ते १७ ग्रॅम साखर असल्याने ब्रूटपेक्षा गोड असतो. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला, की वाईन आंबटढोण लागते, म्हणून गूळ-खोबऱ्याच्या सारणापुढे ब्रूट उघडू नये. चालली तर देमी-सेकच चालेल. अर्थात मोदक हा अनेक घरांत आधी नैवेद्य आणि मग गोडधोड असतो. त्याच्या शेजारी पेला ठेवणे घरातील वडीलधाऱ्यांना रुचेल का, हे आपणच ठरवावे. बाटली आधी संपवून, पाने मांडल्यावर मोदक वाढले, तर दोन्ही प्रश्न मिटतात.

माझ्याकडे लांज्याजवळ तीन एकर कातळ आहे. कलमे लावण्याऐवजी द्राक्षे लावून नाशिकच्या कुटुंबांसारखी स्वतःची स्पार्कलिंग वाईन करावी असे मनात आहे. वय एकोणतीस. सल्ला द्यावा.
— एक तरुण शेतकरी, लांजे

कलमे लावा.

इतके तुटक उत्तर देऊन थांबणे उद्धटपणाचे होईल, म्हणून कारणे देतो. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत दमटपणा असतो. द्राक्षावरील डावणी, भुरी आणि करपा हे तिन्ही रोग दमट हवेत पोसतात. नाशिककडच्या कोरड्या हवेतही बागायतदार एका अवकाळी सरीने रात्रभर जागे राहतात. त्याहून मोठी अडचण रात्रींची आहे. स्पार्कलिंग वाईनचा कणा म्हणजे आंबटपणा, आणि मण्यातील मॅलिक आम्ल टिकते ते थंड रात्रींमुळे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा वेलीचा श्वास मंदावतो आणि आम्ल शिल्लक राहते. समुद्राजवळच्या उबदार रात्रींत वेल ते आम्ल जाळून टाकते. साखर चढलेली, आम्ल उतरलेले असे फळ खायला गोड लागेल, पण त्याची फेसाळ वाईन बेचव होईल.

वाईनचाच ध्यास असेल, तर फळ आपल्या मातीचे घ्यावे. डहाणू तालुक्यात बोर्डी येथे चिकूपासून बुडबुड्यांची वाईन तयार होते, आणि घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जांभूळ, करवंद आणि काजूचे बोंड ही आपल्याकडची फळेही वाईनला उपयोगी पडतात, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात जाऊन याविषयी प्रत्यक्ष बोलावे. काजूच्या बोंडात साखर भरपूर, पण तुरटपणाही तितकाच असतो. तो आधी काढावा लागतो, नाहीतर बुडबुडे त्याला आणखी टोकदार करतात.

काजूच्या बोंडांचा रस साखर घालून जाड बाटलीत बूच मारून ठेवला, तर घरच्या घरी अशी वाईन होईल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

वाईन होईल की नाही हे सांगता येणार नाही. बाटली फुटण्याची शक्यता मात्र दाट आहे. रसात मुळातली साखर असतेच, वरून आणखी घातली तर दाब किती चढेल याचा हिशेब राहत नाही. शॅम्पेनमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाईनमधील उरलेली साखर मोजण्याची रीत बसण्यापूर्वी तळघरांत बाटल्या मोठ्या संख्येने फुटत, एकीच्या धक्क्याने शेजारच्या फुटत, आणि कामगार तोंडाला लोखंडी जाळीचा मुखवटा बांधून आत जात. यात कायद्याचीही बाब आहे. १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ‘घरच्यापुरते’ ही सबब तेथे उपयोगी पडत नाही. बोंडांचे सरबत करावे, ते छान लागते.

एका लहान बागेतून आणलेल्या बाटलीला बुचाऐवजी सोड्यासारखे पत्र्याचे झाकण आहे, वाईन गढूळ आहे आणि तळाशी पांढरट साका दिसतो. परत पाठवावी का?
— एक वाचक, दापोली

पाठवू नये, झाकण फुगलेले किंवा गळके नसेल तर. लेबलवर ‘पेट-नॅट’ असे शब्द शोधा. ही बाटलीत बुडबुडा आणण्याची सर्वांत जुनी रीत आहे. हिच्यात दुसऱ्यांदा साखर घालत नाहीत. पहिले आंबवणे पुरे होण्याआधीच वाईन बाटलीत भरतात आणि उरलेल्या साखरेवर यीस्ट आपले काम तेथेच संपवते. गाळ बहुधा काढत नाहीत, म्हणून बुचाची आणि तारेचीही गरज पडत नाही, आणि लहान कुटुंबांना ही रीत परवडते ती याचसाठी. दाब कमी असतो, चव जराशी ताकासारखी, सफरचंदाच्या सालीसारखी असते आणि दोन बाटल्या अगदी एकसारख्या क्वचितच निघतात. साका म्हणजे यीस्टच, तो पोटात गेला तरी अपाय नाही. बाटली एक दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवावी, झाकण हळूहळू, मोरीजवळ उभे राहून काढावे, आणि गढूळपणा नको असेल तर तळाची दोन बोटे वाईन पेल्यात न ओतता तशीच राहू द्यावी.